गोळी पोचली, आता धीर पोचायला हवा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी जाऊन बरेच प्रश्न विचारले जातात. त्यांतला एक असा : भाजीविक्रेत्याला एचआयव्ही आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर त्याच्याकडून ताजी भाजी घ्याल का? जुन्नर-आंबेगावच्या माणसाने या प्रश्नाशी जरा थांबायला हवं, कारण इथलं निम्मं पोट तरकारीवर चालतं. नारायणगावच्या खुल्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट लांबलांबच्या राज्यांत जातात. ओतूरचा कांदा आणि मंचरची तरकारी मुंबई-पुण्याच्या मंडईत उतरते. तो टोमॅटो कोणी तोडला, निवडला, क्रेटमध्ये भरला, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि विचारायचं कारणही नाही. भाजीतून, फळातून, पैशाच्या देवघेवीतून एचआयव्ही जात नाही. तरी पाहणी करणाऱ्यांना हा प्रश्न ठेवावा लागतो, कारण त्याच्या उत्तरातून लोक एकमेकांना किती दूर ठेवतात ते कळतं.

डॉ. जोनाथन मान हे जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्सविषयक कार्यक्रमाचे पहिले प्रमुख. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे त्यांनी एड्सच्या तीन साथी सांगितल्या होत्या. पहिली गुपचूप पसरणाऱ्या विषाणूची, दुसरी काही वर्षांनी अंगावर दिसणाऱ्या आजाराची आणि तिसरी समाजाच्या वागण्याची. पहिल्या दोन साथींवर विज्ञानाने मोठी मजल मारली आहे. तिसरी मात्र अजून ठाण मांडून आहे. ‘आपल्याला लागण होईल’ या भीतीवर ती जगते, आणि ‘काहीतरी केलं असेल म्हणूनच झालं’ या निकालावरही. भीती माहितीने जाते. निकाल देण्याची सवय मात्र आपली आपणच सोडावी लागते, आणि खरं काम तिथेच अडलं आहे.

दोन रस्त्यांवरचे दोन तालुके

पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव करत आळेफाट्यावर येतो. माळशेज घाट चढून आलेला कल्याण-नगर रस्ता ओतूरवरून येऊन त्याला तिथेच छेदतो. दिवसरात्र मालमोटारी धावतात. या भागातली कर्ती माणसं कित्येक पिढ्या मुंबईला आहेत : कोणी डबेवाले, कोणी वाशीच्या बाजारात माथाडी. घर, आईवडील आणि बहुधा बायको-मुलं गावी. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातली आदिवासी कुटुंबं भाताची कामं आटोपली की बागायती गावांत मजुरीला उतरतात. विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की लांबून ऊसतोडीच्या टोळ्या येऊन कोप्या घालतात. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात.

इतकी ये-जा असलेल्या मुलखाबद्दल बोलताना ‘हा रोग बाहेरून आला’ असं म्हणण्याचा मोह होतो. मग बोट कधी ड्रायव्हरकडे जातं, कधी मुंबईकराकडे, कधी फडावरच्या बाईकडे. आरोग्याच्या दृष्टीने या ये-जेचा अर्थ एवढाच, की महिनोन्‌महिने घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला तपासणी, कंडोम आणि औषध सहज आणि न लाजता मिळालं पाहिजे. विषाणू धंदा, जात आणि पत्ता बघत नाही. २०२१ च्या अंदाजानुसार देशात एचआयव्हीसह जगणारी माणसं सुमारे २४ लाख होती. त्यांतली जवळपास ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात, म्हणजे कुठल्याही एका राज्यातली सर्वांत जास्त. एवढी माणसं कुठल्या एका वस्तीत किंवा एका धंद्यात असूच शकत नाहीत. ती आपल्या बाजारात, बचत गटात, दिंडीत, शाळेच्या पालकसभेत आहेत. आपल्याला ठाऊक नाही, कारण सांगण्याची सोय आपण ठेवलेली नाही.

लागण नेमकी कशी होते

एचआयव्ही एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या वाटा मोजक्या आहेत. असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त अंगात जाणं, एकाने वापरलेली सुई दुसऱ्याने वापरणं, आणि आईकडून बाळाला : गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना. याशिवाय पाचवी वाट नाही.

हा विषाणू शरीराबाहेर तग धरत नाही. थुंकी, घाम, अश्रू यांतून तो पसरत नाही. म्हणून एका ताटात जेवल्याने, एकाच हंड्यातलं पाणी प्यायल्याने, कपडे एकत्र धुतल्याने, शेजारी झोपल्याने, कडेवर मूल घेतल्याने, खोकल्या-शिंकल्याने तो जात नाही. डास चावूनही जात नाही. अंत्यविधीला खांदा दिल्याने तर नाहीच. पेटीत औषध ठेवावं तसं घरातल्या एका माणसाचं ताट-वाटी-तांब्या वेगळं ठेवण्याची पद्धत अजून काही घरांत दिसते. तिने कोणाचं रक्षण होत नाही. रोज दोन वेळा त्या माणसाचा अपमान मात्र होतो, आणि तोही घरच्या पोरांसमोर. पोरं ते बघून शिकतात.

एचआयव्ही आणि एड्स यांतला फरकही नीट समजून घ्यायला हवा. एचआयव्ही हा विषाणू. तो रक्तातल्या सीडी४ नावाच्या संरक्षक पेशींवर हल्ला करतो. निरोगी माणसात या पेशी एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० असतात. उपचार न घेता वर्षं गेली की त्या घटत जातात. त्या २०० च्या खाली गेल्या, किंवा क्षयासारखे काही ठरावीक आजार जडले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला एड्स होतोच असं नाही. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर बहुतेकांना तो कधीच होत नाही. शेतात राबणारा, डबे पोचवणारा, दहावीचा वर्ग शिकवणारा एचआयव्हीबाधित माणूस आणि त्याच्या बाजूचा माणूस यांत बघून काही फरक कळत नाही, कारण कामाच्या ताकदीत फरक उरलेलाच नसतो.

पुण्याने जगाला दिलेला पुरावा

भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत आढळली. ती शोधणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी तिथे वायआरजी केअर ही संस्था उभी केली, हजारो बाधितांवर उपचार केले आणि लग्न करू इच्छिणाऱ्या बाधित मुलामुलींची स्थळंही जुळवली. १९९२ मध्ये पुण्यात, भोसरीला, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. लोक तिला ‘नारी’ म्हणतात. मंचरहून पुण्याला जाणारी एसटी भोसरीवरूनच जाते.

या दोन्ही संस्था एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सामील होत्या. नऊ देशांतली १७६३ जोडपी त्यात होती. दोघांपैकी एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. प्रश्न असा होता, की बाधित जोडीदाराला लवकर गोळ्या सुरू केल्या तर दुसऱ्याला होणारी लागण थांबते का? २०११ मध्ये निष्कर्ष आला : लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. २०१६ च्या अंतिम निष्कर्षांत तर असं दिसलं, की ज्यांच्या रक्तातला विषाणू औषधाने सातत्याने दबलेला होता, त्यांच्याकडून जोडीदाराला एकही लागण झाली नव्हती. युरोपातल्या पुढच्या अभ्यासांनीही हेच सांगितलं. आज डॉक्टर ठामपणे म्हणतात, की गोळ्या नेमाने चालू असतील आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी झाला असेल, तर शरीरसंबंधातूनही तो पसरत नाही.

या एका वाक्यात किती संसार सावरण्याची ताकद आहे ते बघा. ज्या माणसाजवळ बसायला लोक कचरतात, त्याच्यापासून त्याच्या बायकोलासुद्धा धोका उरलेला नसतो. बाळाचंही तसंच. उपचार न घेता आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आईने वेळेवर गोळ्या घेतल्या आणि बाळालाही जन्मानंतर औषध मिळालं तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. पुण्यात ‘प्रयास’ संस्थेचे डॉ. विनय कुलकर्णी, डॉ. संजीवनी कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी नव्वदच्या दशकापासून हे काम करत आले आहेत. बाधित आईच्या पोटी निरोगी मूल जन्माला येणं ही आता रोजची गोष्ट झाली आहे.

औषधाची वाटही सोपी झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, मोफत मिळू लागली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होतं. २०१७ पासून सीडी४ किती आहे याची वाट न बघता, निदान झालं की लगेच उपचार सुरू करायचं धोरण आलं. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. तीन औषधं त्या एकाच गोळीत असतात. रोग मुळातून जात नाही, गोळी जन्मभर घ्यावी लागते. पण रक्तदाबाची, मधुमेहाची गोळीही तशीच असते आणि तिच्याबद्दल पारावर कुजबुज होत नाही.

डबीवरचं लेबल

औषध फुकट आहे, परिणामकारक आहे, तालुक्याच्या आवाक्यात आहे. मग अडतं कुठे? पहिल्याच पायरीवर, तपासणीला येण्यावर.

ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशन आणि चाचणी केंद्राची खोली बघा. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर लाल फितीचं पोस्टर. बोटातून किंवा दंडातून थोडं रक्त घेतात, पट्टीवर रेघ उमटते का ते बघतात. पहिल्या चाचणीत लागण दिसली तर वेगळ्या किटने दुसरी आणि मग तिसरी चाचणी करून खात्री करतात. सगळं मोफत आणि गुप्त. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ‘मी वाचेन ना?’ असा असेल असं आपल्याला वाटतं. पण समुपदेशकांना त्याहून जास्त वेळा ऐकू येतो तो हा : ‘मॅडम, घरी कळणार नाही ना?’

कळू नये म्हणून माणसं काय काय करतात! जवळ केंद्र असताना लांबच्या जिल्ह्यात नाव नोंदवतात, कारण जवळच्या रुग्णालयातली नर्स आत्याची नणंद निघते. महिन्याच्या गोळ्यांची पांढरी डबी हातात पडली की वाटेतच तिच्यावरचं लेबल खरवडून काढतात, किंवा गोळ्या दुसऱ्या डबीत ओततात. डबी पिशवीत वाजू नये म्हणून तिच्यात कापूस घालतात. पाहुणे आले की गोळी चुकते. लग्नघरी मुक्काम पडला की चुकते. मुंबईच्या खोलीत दहा-बारा जण एकत्र राहतात, तिथे डबी ठेवायला खाजगी कोपराच नसतो. एक-दोनदा चुकलेली गोळी पुढे सवय होते, आणि गोळ्या अधूनमधून घेतल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणजे घराची आणि गावाची नजर थेट त्या माणसाच्या रक्तापर्यंत पोचते. बोलणाऱ्यांना वाटतं, आपण नुसतं बोललो.

सरकारी सवलतींचंही हेच. एचआयव्हीबाधितांना एसटी प्रवासात सवलत आहे. संजय गांधी निराधार योजनेत त्यांचा समावेश आहे. पण सवलतीचं कार्ड कंडक्टरला दाखवायचं, तेही गावाच्या मुक्कामी गाडीत, जिथे मागच्या बाकावर भावकी बसलेली असते! निराधारचा अर्ज ज्या कचेऱ्यांतून फिरतो तिथलं कोणी ना कोणी ओळखीचं असतं. म्हणून हक्काचे पैसे सोडून देणारी माणसं आहेत. योजना आखताना माणसाची गुप्तता कशी राखायची याचा विचार आधी झाला, तर योजना खरी उपयोगाची ठरेल.

घर न सोडलेल्या बायका

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा ‘नारी’तल्या संशोधकांनी अभ्यास केला. डॉ. रमण गंगाखेडकर त्याचे प्रमुख लेखक. कोरोनाच्या काळात टीव्हीवर शांतपणे माहिती देणारे म्हणून त्यांना पुढे सगळा देश ओळखू लागला. १९९७ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात देहविक्रय न करणाऱ्या, बहुतेक विवाहित आणि एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित आढळल्या. त्यांच्या बाबतीत धोका होता तो एवढाच, की त्या नवऱ्यासोबत संसार करत होत्या.

गावातल्या बाईची अडचण याहून एक पाऊल पुढे आहे. गरोदरपणात सगळ्याच बायकांची तपासणी होते, त्यामुळे पुष्कळ घरांत तिचं निदान आधी होतं. नवऱ्याची तपासणी नंतर होते, किंवा होतच नाही. आणि जिचं आधी कळलं तिनेच आणला असं घर ठरवून मोकळं होतं. नवरा गेला की ‘पांढऱ्या पायाची’ हा जुना शिक्का आणि हा नवा शिक्का एकदमच बसतात. दिराच्या नावावर जमीन चढते, ती माहेरी जाते, माहेर लहान पडतं.

ही हकिगत सांगितली की ऐकणारे हळहळतात, ‘बिचारीचा काय दोष?’ म्हणतात. ही हळहळ खरी असते, पण तिच्यात एक खाच आहे. एका बाईला निर्दोष ठरवताना आपण मनातल्या मनात दुसऱ्या कोणाला तरी दोषी ठरवत असतो : तिच्या नवऱ्याला, हायवेवरच्या बाईला, फडावर नाचणाऱ्या पोरीला. मग बाधितांची दोन रांगांत वाटणी होते, दयेला पात्र आणि शिक्षेला पात्र. दुसऱ्या रांगेत लोटल्या जाण्याच्या भीतीने माणूस तपासणीच टाळतो, आणि न तपासलेल्या, गोळ्या न घेणाऱ्या माणसाकडूनच लागण पुढे जाते. ‘दोषी’ माणसावर टाकलेल्या बहिष्काराचा वार असा फिरून त्या ‘बिचारी’वरच पडतो. म्हणून कोणाला कसा झाला याचा तपासच सोडून द्यायला हवा. मलेरिया झालेल्याला आपण कुठल्या डबक्यावरचा डास चावला ते विचारत नाही, आधी औषध देतो.

ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं त्यांनी या साथीत काय काम केलं तेही आपण जाणून घ्यावं. सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच कार्यकर्त्या केलं. त्या आपल्या वस्तीत कंडोम पोचवू लागल्या, आजारी मैत्रिणींना दवाखान्यात नेऊ लागल्या. पुढे त्यातून त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. पुण्यात बुधवार पेठेतल्या स्त्रियांनी ‘सहेली’ संघ केला. महाराष्ट्रात ही साथ ओसरली, त्यात या बायकांचा वाटा फार मोठा आहे.

चौसष्ट दिवसांपासून कायद्यापर्यंत

समाजाचा निकाल सरकारने हातात घेतला तर काय होतं, ते गोव्याने पाहिलं आहे. डॉमिनिक डिसोझा हा तिथला तरुण नियमाने रक्तदान करायचा. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला नेलं आणि म्हापशाला एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात पहाऱ्यात एकटं डांबलं. गुन्हा काही नव्हता. दान केलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला होता आणि गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यात अशा माणसाला कोंडून ठेवण्याची तरतूद होती. ६४ दिवस तो तिथे होता. आई, मित्र आणि वकील आनंद ग्रोव्हर न्यायालयात लढले. बाहेर आल्यावर त्याची नोकरी गेली. त्याने हार न मानता बाधितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढायचं ठरवलं. १९९२ मध्ये तो गेला. देशात बाधितांच्या हक्कांची भाषा त्याच्यापासून सुरू झाली.

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका मजुराच्या खटल्यात मोठा निकाल दिला. एका सरकारी कंपनीने एचआयव्ही आहे म्हणून त्याला काम नाकारलं होतं. माणूस काम करायला सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याची रोजीरोटी काढून घेता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. खटला चालला तो बनावट आद्याक्षरांनी. त्या मजुराचं नाव आजवर जाहीर झालेलं नाही. न्याय मागताना नाव लपवण्याची सोय त्याला न्यायालयाने दिली.

या लढ्यांतून २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा आला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. गावपातळीवर त्यातल्या या गोष्टी प्रत्येकाला माहीत हव्यात. एचआयव्ही आहे म्हणून नोकरी, शाळाप्रवेश, उपचार, भाड्याचं घर किंवा विमा नाकारता येत नाही. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि कोणाची लागण तिसऱ्याला सांगता येत नाही. बाधित स्त्रीला आणि अठराच्या आतल्या मुलाला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, त्यांना बाहेर काढता येत नाही. आईवडील नसलेल्या घरात बारा ते अठरा वर्षांचं समजदार मोठं भावंड धाकट्याचं पालक म्हणून सही करू शकतं. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणारं बोलणं किंवा छापणं हा गुन्हा आहे, आणि त्याला तीन महिने ते दोन वर्षं कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाधितांवरही जबाबदारी टाकतो : आपल्यापासून दुसऱ्याला लागण होऊ नये याची काळजी त्यांनी घ्यायची आहे. शिवाय कोणाला वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहेच.

सुरुवात कोणी करायची

पहिली सुरुवात दवाखान्यांनी करावी. केसपेपरवर लाल शाईने खूण करणं, खाटेला पाटी लावणं, बाळंतपणाला ऐनवेळी पुढे पाठवणं, या गोष्टी कायद्यातही बसत नाहीत आणि शास्त्रातही. रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून बचावाचे नियम प्रत्येक रुग्णासाठी सारखे असतात : हातमोजे, निर्जंतुक उपकरणं, सुईची नीट विल्हेवाट. चुकून सुई टोचलीच, तर ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात. डॉक्टरच लांब उभे राहिले तर गाव जवळ येणार नाही.

दुसरी सुरुवात शाळांनी करावी. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये बाधित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केलं, तेव्हा त्या मुलांना गावच्या शाळेत बसवायला विरोध झाला होता. मुलं टिकली, शिकली, मोठी झाली, त्यांची लग्नंही लागली. पंढरपूरला मंगलताई शहा यांची ‘पालवी’, पुण्यात विजयाताई लवाटे यांची ‘मानव्य’ ही अशीच घरं. या संस्थांचे उपकार मानूनही एक गोष्ट म्हणायला हवी : ज्या मुलाला आजी, काका, आत्या आहेत त्याला संस्थेत पाठवावं लागणं ही गावाची हार आहे. मुलाला घरात ठेवायला आणि आपल्या शाळेत बसवायला लागतं फक्त मन.

तिसरी सुरुवात घरांनी आणि गावाने करायची आहे, आणि त्यासाठीचा आधार याच मातीत आहे. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. लोक श्रद्धेने तिथे माथा टेकतात. त्या रेड्याच्या कथेतले ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं ‘संन्याशाची पोरं’ म्हणून वाळीत टाकलेली होती. त्यांनी स्वतः काही केलेलं नव्हतं, आईबापांच्या नावाने लावलेला डाग त्यांच्यावर आला होता. ज्यांनी त्यांना दारात उभं केलं नाही त्यांची आज कोणाला आठवण नाही, आणि त्यांची बाजू घेणाऱ्या मुक्या जनावराची मात्र समाधी आहे. हरिनाम सप्ताहात या कथेवर निरूपण होतं, तेव्हा कीर्तनकारांनी आजच्या वाळीत टाकलेल्या पोरांबद्दलही दोन शब्द बोलावेत. दहा पोस्टरांनी होणार नाही ते त्याने होईल.

बाकी करायचं ते साधं आहे. घरात कोणाचं ताट वेगळं असेल तर ते आजच इतर ताटांत मिसळावं. कोणाबद्दल काही कानावर आलं तर ते आपल्यापाशी थांबवावं. जवळच्या माणसाने विश्वासाने सांगितलं तर ‘कुठून आणला?’ विचारू नये, ‘गोळी चुकवू नकोस, केंद्रात जायचं असेल तर मी बरोबर येतो’ म्हणावं. लग्न ठरवताना पत्रिकेचा आग्रह धरणाऱ्यांनी दोघांच्या संमतीने तपासणीचाही विचार करावा, आणि तोही मुलामुलीसाठी सारखाच. स्वतःला शंका असेल, कितीही जुनी असो, तर ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारावं. बोलायचं धाडस होत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करावा, नाव सांगावं लागत नाही.

या विषाणूला दाबून ठेवणारी गोळी गावापर्यंत आणायला जगाला वीस वर्षं झगडावं लागलं. ती घेणाऱ्या माणसाला चारचौघांत, डबी न लपवता, पाण्याच्या घोटाबरोबर ती घेता यावी, एवढं जुन्नर-आंबेगावने ठरवलं तर कुठल्याही निधीची वाट बघावी लागणार नाही.